बशीतल्या पेशी आणि अंगातली हाडे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘अमुक चिनी वनस्पतीने हाडांच्या पेशी वाढतात’ या धाटणीच्या बातम्या आरोग्य पुरवण्यांत अधूनमधून येतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची कात्रणे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. त्यामागचे संशोधन बहुधा खोटे नसते. चीन, हाँगकाँग, तैवान इथल्या प्रयोगशाळांत हे काम कित्येक वर्षे चिकाटीने चालले आहे. पण कोणत्या पेशी वाढल्या, किती मात्रेने वाढल्या आणि तेवढी मात्रा तोंडावाटे घेऊन हाडापर्यंत पोचते का, हे तिन्ही तपशील बातमीत येईपर्यंत गळून पडतात. उरते ती औषधाची जाहिरात. पेशीसंवर्धन आणि वनौषधींची तपासणी हे आमचे रोजचे काम आहे. त्या आधारे हा खुलासा करत आहोत. जरा लांबला तरी छापावा, ही विनंती.

आधी वनस्पती. चिनी वैद्यकात हाडांसाठी पुन्हापुन्हा येणारी द्रव्ये म्हणजे गुसुईबू (ड्रायनेरिया या नेच्याचे आडवे वाढणारे खोड), यिनयांगहुओ (एपिमेडियमची पाने), दुझोंग (एका झाडाची साल), शुदुआनचे मूळ आणि बुगुझीचे बी. परंपरेने यांवर आधी संस्कार होतात. गुसुईबू तापलेल्या वाळूत फुगेपर्यंत भाजतात आणि वरची लव झटकून टाकतात. एपिमेडियमची पाने मेंढीच्या चरबीत परततात, शंभर किलो पानांना वीस किलो चरबी. बुगुझी आणि दुझोंग यांना मिठाचे पाणी चोळून मुरवतात आणि मग परततात, शंभर किलोला दोन किलो मीठ. हे नुसते सोपस्कार नव्हेत. उष्णतेने एपिमेडियममधल्या मोठ्या रेणूंना चिकटलेल्या शर्करा तुटतात आणि घटकांचे प्रमाण बदलते. म्हणून ‘एपिमेडियमचा अर्क’ एवढेच सांगितले तर प्रयोगात काय घातले होते याचा निम्मा पत्ता लागत नाही.

चिनी फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) काढ्यासाठी रोजची मात्रा ठरलेली आहे: गुसुईबू ३ ते ९ ग्रॅम, एपिमेडियम आणि बुगुझी प्रत्येकी ६ ते १० ग्रॅम, शुदुआन ९ ते १५ ग्रॅम. गुसुईबूत नारिंजिन हा घटक किमान ०.५ टक्का असावाच लागतो. या अटीला कारण आहे. तैवानच्या बाजारात डाव्हालिया जातीच्या नेच्यांची खोडेही गुसुईबू म्हणूनच विकली जातात, आणि काप करून वाळवल्यावर नुसत्या नजरेने फरक ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही.

आता पेशी. हाड घडवणारी ती ऑस्टिओब्लास्ट, हाड खरवडणारी ती ऑस्टिओक्लास्ट, आणि तयार हाडात कायमची गाडली गेलेली ती ऑस्टिओसाइट. पहिल्या दोघींचे काम आयुष्यभर शेजारी-शेजारी चालू असते. पाळी थांबल्यावर खरवडण्याचा वेग घडवण्याच्या पुढे जातो आणि हाड विरळ होते. घडवणाऱ्या पेशीचेही टप्पे आहेत. आधी ती संख्येने वाढते. मग वाढ आवरती घेऊन कोलॅजनचे जाळे विणते, अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर भरपूर तयार करते आणि शेवटी त्या जाळ्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार बसवते. संख्यावाढ आणि परिपक्वता या बऱ्याच अंशी एकमेकींच्या आड येणाऱ्या गोष्टी आहेत. एखाद्या अर्काने पेशी नुसत्याच वाढत राहिल्या, तर क्षार बसण्याचे काम पुढे ढकलले गेलेले असू शकते. गवंडी दुप्पट झाले म्हणून भिंत दुप्पट होत नाही, त्यातला प्रकार. (आणि गुडघ्याची झीज ही मुख्यतः कूर्चेची असते. त्या पेशी वेगळ्याच, त्यामुळे या प्रयोगांचा गुडघ्याशी संबंध जोडणेच मुळात चूक.)

प्रयोगातल्या पेशी कुठून येतात हेही पाहावे. एमजी-६३ हा फार वापरला जाणारा पेशीवंश चौदा वर्षांच्या मुलाच्या हाडाच्या कर्करोगातून वाढवलेला आहे. तो मुळातच भराभर वाढतो आणि क्षार मात्र नीट बसवत नाही. ‘अर्काने एमजी-६३ पेशी वाढल्या’ या निष्कर्षाचा सरळ अर्थ ‘कर्कपेशी वाढल्या’ असाही होतो. एमसी३टी३-ई१ हा नवजात उंदराच्या कवटीच्या हाडातून जपानमध्ये तयार केलेला वंश त्यापेक्षा बरा. त्यालाही पथ्य आहे: एरवी वाढवताना अल्फा-एमईएम या पोषक द्रवात क जीवनसत्त्व असता कामा नये, नाहीतर पेशी आधीच पिकू लागतात. वीसएक वेळा फेरलागवड झाल्यावर त्यांची हाड घडवण्याची क्षमता उतरत जाते. कितव्या फेरीच्या पेशी वापरल्या हे शोधनिबंधात नसेल, तर आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

चाचणीचा साधारण क्रम असा. ९६ खळग्यांच्या ताटलीत प्रत्येकी सुमारे ५,००० पेशी सोडतात, चोवीस तास चिकटू देतात, मग अर्क घालून ४८ किंवा ७२ तास ठेवतात. त्यानंतर एमटीटी हे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजला की पेशी किती याचा अंदाज येतो. पहिला घोटाळा इथेच होतो. वनस्पतींमधले फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिन हे एमटीटीला स्वतःच जांभळे करू शकतात, पेशी असोत वा नसोत. उपाय सोपा आहे: काही खळग्यांत पेशी न घालता फक्त अर्क आणि एमटीटी ठेवायचे, आणि इतर खळग्यांतला अर्क काढून दोनदा धुतल्यावरच एमटीटी घालायचे. हे न केल्यामुळे ‘३० टक्के वाढ’ दाखवणारे निबंध आजही छापले जातात. शिवाय ताटलीच्या कडेच्या खळग्यांतले पाणी उडून अर्क दाट होतो. म्हणून कडेला नुसते क्षारद्रावण भरून आतलेच खळगे वापरावेत.

परिपक्वता तपासताना त्याच अल्फा-एमईएम द्रवात मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम क जीवनसत्त्व आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालतात. सातव्या ते चौदाव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज मोजतात आणि साधारण एकविसाव्या दिवशी अ‍ॅलिझरिन रेडने बसलेले क्षार रंगवतात. अ‍ॅलिझरिनच्या द्रावणाचा पीएच ४.१ ते ४.३ च्या आत ठेवावा लागतो. तो सुटला की रंग सगळीकडे पसरतो. इथली गोम अशी की, अ‍ॅलिझरिन कॅल्शियम पकडते, हाड ओळखत नाही. काढ्यातल्या फॉस्फेटमुळे ताटलीत नुसता साका बसला तरी तो लालच दिसतो. ग्लिसरोफॉस्फेट जास्त पडले तरी तेच. म्हणून पेशीविरहित ताटली एकवीस दिवस शेजारी ठेवणे आणि ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनासारख्या हाडाच्या खुणा वेगळ्या तपासणे आवश्यक ठरते. काढ्याचा तपकिरी रंगही फॉस्फटेजच्या ४०५ नॅनोमीटरच्या मोजणीत भर घालतो. जाता जाता: अ‍ॅलिझरिन मूळचे मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळातूनच मिळवत असत, तेव्हा मंजिष्ठेच्या अर्काची हीच चाचणी करणाऱ्याने दुप्पट सावध राहिलेले बरे.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. सालीमुळ्यांवर जिवाणू असतात आणि त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन अर्कात उतरते. ते ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून आरपार जाते, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्येही टिकते, आणि हाड खरवडणाऱ्या पेशींवर फार थोड्या प्रमाणातही परिणाम करते. ते मोजल्याशिवाय कोणताही परिणाम वनस्पतीच्या खात्यावर घालता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पोषक द्रवाला गुलाबी रंग देणारे फिनॉल रेड. त्याची क्रिया किंचित इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी असते. एपिमेडियमच्या घटकांची इस्ट्रोजेनसारखी क्रिया तपासायची आणि त्याच वेळी गुलाबी द्रव वापरायचा, याला अर्थ नाही. फिनॉल रेड नसलेला द्रव आणि कोळशाने संप्रेरके काढलेला सीरम (पेशींना पोसण्यासाठी घालतात तो रक्तद्रव) हवा.

एवढी सगळी काळजी घेऊन मिळालेला निष्कर्षही बशीपुरताच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या ताटलीपुरताच, खरा असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण वनस्पतींतले नाहीच. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून हाडाच्या पेशी घडवताना जगभर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घालतात, १० ते १०० नॅनोमोलर. ते घातल्याने क्षार छान बसतात. याच गटातली औषधे माणसाला महिनोन्‌महिने दिली की हाडे ठिसूळ होतात, हे दम्याच्या किंवा संधिवाताच्या कोणत्याही जुन्या रुग्णाला विचारावे. बशीत हाड घडवणारे द्रव्य अंगात हाड मोडणारे ठरू शकते. मग वनस्पतीच्या अर्काला वेगळा न्याय का लावायचा?

मात्रेचा हिशेब तर कोणालाही कागदावर मांडता येईल. एपिमेडियममधल्या इकारिन या घटकाचा रेणूभार सुमारे ६७७ आहे. प्रयोगांत तो बऱ्याचदा १० मायक्रोमोलर घालतात, म्हणजे मिलिलिटरला ६.८ मायक्रोग्रॅम. आता ६० मिलिग्रॅम इकारिन तोंडावाटे घेतले, ते शंभर टक्के शोषले गेले आणि शरीरातल्या साधारण ३० लिटर पाण्यात सारखे पसरले असे उदार मनाने धरले, तरी मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम भरतात. प्रत्यक्षात इकारिन जसेच्या तसे फार थोडे शोषले जाते. आतड्यातले जिवाणू त्याच्या शर्करा तोडून इकारिसाइड-२ आणि इकारिटिन बनवतात आणि रक्तात मुख्यतः त्यांची रूपे फिरतात. तेव्हा बशीत इकारिन घालण्यापेक्षा इकारिटिन घालून पाहणे अधिक शहाणपणाचे. अख्ख्या अर्काचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. ‘मिलिलिटरला १ मिलिग्रॅम सुका अर्क’ ही निबंधांत सर्रास दिसणारी मात्रा ३० लिटरला लावली तर ३० ग्रॅम सुका अर्क होतो. शंभर ग्रॅम वनस्पतीतून वीस ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर त्यासाठी दीडशे ग्रॅम वनस्पती लागेल. गुसुईबूची रोजची कमाल मात्रा ९ ग्रॅम आहे.

या सगळ्यात नीट केलेले काम कसे असते याचा नमुना म्हणून हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातले ‘दांगगुई बुश्वे तांग’ या काढ्यावरचे संशोधन सांगता येईल. ली डोंगयुआन या वैद्याने १२४७ मध्ये नोंदवलेला हा काढा मुळात हाडांचा नाही, स्त्रियांच्या अशक्तपणावरचा आहे. द्रव्ये दोनच: हुआंगची (अ‍ॅस्ट्रॅगॅलसचे मूळ) पाच भाग आणि दांगगुई (अँजेलिकाचे मूळ) एक भाग, आजच्या हिशेबात ३० ग्रॅम आणि ६ ग्रॅम. संशोधकांनी एकास एकपासून दहास एकपर्यंत वेगवेगळ्या प्रमाणांत काढे केले, प्रत्येकात हुआंगचीचे अ‍ॅस्ट्रॅगॅलोसाइड आणि आयसोफ्लॅव्होन व दांगगुईचे फेरुलिक आम्ल मोजले आणि मग तेच काढे हाडाच्या पेशींवर घातले. रासायनिक मोजणी आणि पेशींवरचा परिणाम दोन्ही पाचास एकलाच सर्वांत सरस निघाले. द्रव्यांच्या आठ पट पाणी, दोन तास उकळणे, आणि तोच चोथा पुन्हा एकदा तसाच उकळणे ही कृतीही त्यांनी पडताळून ठरवली. दोन्ही वनस्पती एकत्र उकळल्या तर जे मिळते ते वेगवेगळे काढे करून मिसळल्यावर मिळत नाही. दांगगुईतले लिगुस्टिलाइड हे उडनशील तेल हुआंगचीच्या घटकांचे काम दाबते, आणि दांगगुई मद्यात परतून घेण्याच्या जुन्या रीतीने नेमके तेच कमी होते. इथेही काही चाचण्या एमजी-६३ वरच होत्या, ही मर्यादा आहेच. पण बशीत काय घातले हे मिलिग्रॅममध्ये सांगता येते, आणि दुसऱ्या कोणाला ते पुन्हा करून पाहता येते.

माणसांवरचे काम अगदीच नाही असे नव्हे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाळी थांबून बराच काळ लोटलेल्या शंभर स्त्रियांना दोन गटांत विभागले. एका गटाला रोज ६० मिलिग्रॅम इकारिन, १५ मिलिग्रॅम डायडझेइन आणि ३ मिलिग्रॅम जेनिस्टेइन (हे दोन्ही सोयाबीनमध्येही आढळणारे घटक), दुसऱ्याला दिसायला तसेच पण निष्क्रिय औषध. दोघांनाही ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम. चोवीस महिन्यांनी मांडीच्या हाडाच्या मानेची घनता पहिल्या गटात १.६ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यात १.८ टक्क्यांनी घटली. कण्यात हेच आकडे १.३ टक्के वाढ आणि २.४ टक्के घट असे होते. हा परिणाम दखल घेण्याजोगा आहे. तरी शंभर स्त्रियांच्या चाचणीतून हाड मोडण्याचे प्रमाण कमी झाले का, हे कळू शकत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा तोच असतो. ‘शियानलिंग गुबाओ’ हे एपिमेडियम, शुदुआन, बुगुझी यांच्यासह सहा वनस्पतींचे तयार औषध; त्याची १८० स्त्रियांवरची चाचणी २०१२ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी कण्याची घनता वाढलेली दिसली, वर्ष पूर्ण होताना तो फरक उरला नाही. सहा महिन्यांनी थांबली असती तर हीच चाचणी मोठ्या यशाची म्हणून मिरवली गेली असती.

याच औषधाबद्दल डिसेंबर २०१६ मध्ये चीनच्याच औषध नियामकाने यकृताला इजा होण्याच्या धोक्याची सूचना काढली. संशयाची सुई इतर घटकांबरोबर बुगुझीकडेही वळते. आणि बुगुझी म्हणजे दुसरे काही नसून आपली बावची. कोडावरच्या औषधांत ती आपल्याकडे परिचित आहे, आणि काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळते. ‘चीनमध्ये हाडांसाठी वापरतात’ हे वाचून कोणी बावचीचे चूर्ण चमच्याने सुरू केले, तर यकृताचा धोका आहेच, शिवाय तिच्यातल्या सोरालेनमुळे उन्हात गेल्यावर त्वचा भाजून फोड येऊ शकतात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात हे काय रूप घेईल ते वेगळे सांगायला नको.

ड्रायनेरियाचा भाऊबंद सह्याद्रीत झाडांच्या बुंध्यांवर आणि कातळांवर वाढतो; त्याला बाशिंग म्हणतात. तो चिनी गुसुईबू नव्हे, जाती वेगळ्या आहेत. चिनी जातीवरच्या प्रयोगांचे आकडे त्याला लावू नयेत आणि त्यासाठी जंगलातून तो ओरबाडूही नये. कांडवेलीबद्दलही हेच. तिच्यावर पेशींचे प्रयोग झालेले आहेत, पण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा रस घेतल्यावर घसा खाजतो तो त्यामुळे.

अशी औषधे आधीच घेत असलेल्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. पुडीवर सर्व वनस्पतींची नावे, वापरलेला भाग आणि मिलिग्रॅममध्ये मात्रा नसेल तर ती घेऊ नये. दोन-तीन दिवसांत सांधेदुखी जादूसारखी गेली तर आनंद मानण्याआधी स्टेरॉइडची भेसळ आहे का, अशी शंका घ्यावी; पण पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांकडे घेऊन जावी, कारण लपवलेले स्टेरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे असते. सुरू करण्यापूर्वी आणि महिना-दीड महिन्याने यकृताच्या तपासण्या कराव्यात. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हृदयाची झडप बदललेली किंवा अन्य कारणाने वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) चालू असलेली माणसे बरीच असतात. दांगगुई आणि दानशेन या दोन्ही चिनी मुळ्यांमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. त्यांनी या मुळ्या टाळाव्यात, आणि घेतल्या असतील तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) लगेच तपासून घ्यावा. हाडांची घनता पाहायची तर डेक्सा (घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) एकाच केंद्रात, एकाच यंत्रावर आणि किमान वर्षाच्या अंतराने करावी. दोन यंत्रांतला फरकच दोन-तीन टक्क्यांचा असू शकतो, आणि वरच्या चाचण्यांतले बदलही तेवढेच होते.

बातमी देणाऱ्यांसाठी एवढेच: पेशी कोणाच्या, अर्क कसा काढला, मात्रा किती आणि माणसांवर काय झाले, या चार गोष्टी मूळ निबंधाच्या सारांशात बहुतेक वेळा मिळतात. त्या मिळाल्या नाहीत तर बातमी दोन दिवस थांबवावी.

आपले,
पेशीसंवर्धन व वनौषधी-परीक्षण क्षेत्रातले दोन वाचक, पुणे